पाण्यापाशी, तीन वाजता

(क्वीन्सलंडच्या आतल्या भागातलं ट्रँटरांचं गुरांचं रान. भर दुपार. घराच्या व्हरांड्यात म्हातारी अव्हिस ट्रँटर, व्हर्नची विधवा, आणि चाळिशीतला शेजारी डेस. पाण्याच्या टाकीच्या सावलीला एक निळसर करडी कुत्री, पेग, बांधलेली आहे.)

अव्हिस: आधी चहा घे. उभ्या उभ्या कुत्रं परत करायला आलास होय?

डेस: ती वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, मिसेस ट्रँटर.

अव्हिस: मग गाडीत घालून कशाला आणलीस? हवा खायला?

डेस: सकाळी ती नुसतं सोनं आहे, खरं सांगतो. गेल्या आठवड्यात एक माजलेला बैल झाडीतून बाहेर निघेना. पेग मागून गेली, ज्या पायावर त्याचा भार होता नेमका तोच धरला, आणि लगेच जमिनीला चिकटून सपाट. त्याची लाथ हिच्या डोक्यावरून गेली. मी घोड्यावर बसल्या बसल्या टोपी काढली.

अव्हिस: ते मी नाही शिकवलं. टॅन्सीनं शिकवलं, हिच्या आईनं. सहा महिने दोघींचे गळपट्टे एकमेकींना बांधून ठेवले होते. म्हातारी वळेल तिकडे ही वळायची, म्हातारी दबेल तिथं ही दबायची. माणसानं शिकवलेलं कुत्रं माणसाकडे बघत राहतं. कुत्र्यानं शिकवलेलं गुरांकडे बघतं.

डेस: तेच तर. दुपारी ती गुरांकडे बघतच नाही.

अव्हिस: मग काय करते?

डेस: बसते.

अव्हिस: आमची कुत्री बसत नाहीत.

डेस: ही बसते. तीनच्या सुमाराला आपण पाण्याजवळ असलो की झालं. तळं असो, ओढा असो. काठावर जाते आणि बसते. शिट्टी मारा, शिव्या घाला, घोडा अंगावर न्या, हलायचं नाव नाही. तिकडे दोनशे गुरं पांगतात आणि मी एकटा बोंबलत फिरतो. अर्ध्या तासानं आपली आपण उठते आणि काही झालंच नाही अशी कामाला लागते.

अव्हिस: किती वेळा झालं?

डेस: दोन महिन्यांत? पाण्याजवळ असलो त्या प्रत्येक दिवशी.

अव्हिस: बरं. सोड तिला, आणि गळपट्टा टाकीवर ठेव.

डेस: तुम्ही रागावलात.

अव्हिस: तुझ्यावर नाही रे. व्हर्नचा नियम तुला ठाऊक आहे. परत आलेली कुत्री पुन्हा कुणाला द्यायची नाही, आणि तिची पिल्लंही काढायची नाहीत. तो वारल्यावर चार वर्षं हा नियम मोडायची वेळच आली नव्हती. टॅन्सीला म्हातारपणी हे एकच पिल्लू झालं. पांढरंफेक जन्मलं होतं, या जातीची सगळी जन्मतात तसं. मी रोज उठून बघायची, अंगावर निळं कुठून फुटतंय. पहिल्यांदा कानामागे फुटलं. तेव्हा मी या पायऱ्यांवर बसून रडले होते, उगीचच. टॅन्सीही गेली, आता हे वाण इथंच संपलं म्हणायचं.

डेस: तसं होऊ नये म्हणूनच मी बोलायला आलो. नाहीतर गुपचूप घरी बांधून ठेवली असती. मला एक सांगायचंय, पण व्हर्ननं शपथ घातली होती.

अव्हिस: व्हर्न आता तुला काय करणार आहे?

डेस: तसं नाही... तुम्हाला आधी ती कशी बसते ते सांगतो. पाण्याकडे तोंड. हनुवटी पायांवर. आणि डोळे डावीकडे, एका रिकाम्या जागेवर. तिथं काही नसतं, मी जाऊन पाहिलंय. मुंगीसुद्धा नाही. थोड्या वेळानं मान वर करते, तोंड अलगद उघडते आणि हवेतून काहीतरी घेते. इतकं हळू, की हेच दात बैलाच्या टाचेत रुतलेले मी पाहिलेत हे खरं वाटत नाही.

अव्हिस: हवेतून काय घेते?

डेस: रोटी.

अव्हिस: ऊन लागलंय तुला.

डेस: मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी मी इथं कामाला होतो, आठवतं? दुपारी गुरं ओढ्यावर आली की व्हर्न उतरायचे. झाडाच्या मुळावर बसायचे. टॅन्सी त्यांच्या उजव्या हाताला. तुम्ही दिलेला डबा उघडायचे, आणि रोटीचा एकेक तुकडा तिला भरवायचे. हातानं.

अव्हिस: व्हर्न? हातानं? खोटं बोलतोस. मी स्वयंपाकघराच्या दारात एका पिल्लाला हाडूक दिलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. कामाच्या कुत्र्याला हातानं भरवलं की ते गुरांची टाच धरायला विसरतं, हे त्याचं पालुपद. पन्नास वेळा ऐकलंय मी.

डेस: मलाही ऐकवायचे. तोंडानं बोलत असायचे आणि हात डब्यात.

अव्हिस: आणि तो स्वतः काय खायचा?

डेस: मांस खायचे, चहा प्यायचे. गोड त्यांच्या दाताला लागायचं.

अव्हिस: गोड त्याला... डेस, मी एकेचाळीस वर्षं त्या माणसाला निखाऱ्यावरची रोटी करून दिली. वर बोटभर काकवी. संध्याकाळी डबा कसा चाटूनपुसून लख्ख यायचा!

डेस: चाटून तर खरंच.

अव्हिस: हसू नकोस, मेल्या. अरे, काकवी संपली म्हणून मी पावसात चिखलातून गाडी काढलीये! कुत्र्यांसाठी!

डेस: टॅन्सी, आणि तिच्या आधी तिची आई. बाईंना सांगायचं नाही, म्हणाले होते. ती मनापासून करते.

अव्हिस: थांब जरा. हसू येतंय आणि त्याला दोन शब्द सुनवावेसेही वाटतायत, आणि तो नाही. पण पेगला हे कुठून कळलं? ती व्हर्न गेल्यावर दोन वर्षांनी जन्मली. त्याचा बूटसुद्धा तिनं हुंगलेला नाही.

डेस: तेच मला सुटत नाहीये.

अव्हिस: टॅन्सी... व्हर्न गेला आणि टॅन्सी दुपारची नाहीशी व्हायला लागली. रोज. तासाभरानं यायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, पाण्यात पाय गार करायला जाते. मग पेग झाली. सकाळचं काम आटपलं की मी दोघींना सोडायची, गळपट्टे तसेच बांधलेले. दोघी एका चालीनं फाटकाखालून जायच्या. म्हणजे ती तिथं जाऊन त्याची वाट बघत बसत होती, हवेतला तुकडाही घेत असेल. आणि ही बाजूला.

डेस: आणि हिला वाटलं, हेही कामच आहे.

अव्हिस: बैलाचा पाय कसा धरायचा, लाथ कशी चुकवायची, आणि तीन वाजता व्हर्नसाठी कसं बसायचं. सगळं एकाच दमात शिकवलं म्हातारीनं. किती वाजले?

डेस: पावणेतीन. पेग? अहो, ती टाकीपाशी नाहीये.

अव्हिस: तिकडे बघ, फाटकाखालून निघाली. माझी काठी दे. आणि आतून तो निळा डबा आण, फळीवरचा. रोटी सकाळीच केलीये. सवय जात नाही, मग मीच खाते रात्री दुधात बुडवून.

डेस: चालवेल तुम्हाला?

अव्हिस: ओढा काय, हाकेच्या अंतरावर आहे. मी कधी गेले नाही एवढंच. तिथं पुरुषांचं काम चालायचं. दुपारी जेवायला घरी का येत नाहीस म्हटलं, तर म्हणायचा, लांब पडतं ग.

डेस: सांभाळून, इथं उतार आहे. हात धरा. ती बघा.

अव्हिस: हो. टॅन्सीच. पाठीवरून टॅन्सीच वाटते. किती गार आहे रे इथं. पाणी हलतच नाहीये.

डेस: त्या मुळावर बसायचे ते. हळू. अजून थोडं पुढे, तिची नजर आहे तिथं. हं, आता बसा.

अव्हिस: गुळगुळीत झालंय हे मूळ. बसून बसून... डेस.

डेस: काय झालं?

अव्हिस: इथून घर दिसतं.

डेस: हो.

अव्हिस: माझी कपड्यांची दोरी दिसते. व्हरांडा दिसतो. मी दुपारची मटार सोलत बसायची ती खुर्ची दिसते.

डेस: ते तिकडेच बघत असायचे. एकदा मी म्हटलं, मालक, एवढं जवळ आहे तर जाऊन या की. म्हणाले, गेलो तर परत निघवत नाही.

अव्हिस: गाढव होता. आला असता तर मी बांधून थोडीच ठेवलं असतं. ठेवलंही असतं म्हणा... डबा उघड रे, मला झाकण निघत नाहीये.

डेस: घ्या. लहान तुकडा करा. असा, तळव्यावर नाही, बोटांत धरा.

अव्हिस: पेग. घे, बाळा... घेतला. डेस, दात लागले नाहीत रे. नुसता श्वास लागला.

डेस: मी दोन महिने तिला हाका मारत उभा होतो. शेजारी बसायचं सुचलं नाही. गुरांनाही पाण्यावर अर्धा तास लागतोच की. पिऊन झालं की ती आपोआप आडवी होतात. मीच घाई करून पांगवत होतो. पेग ही ‘परत आलेली’ कुत्री नाही, मिसेस ट्रँटर. पाहुणी म्हणून आली होती, असं धरा. मी नेतो तिला.

अव्हिस: डबा देईन सोबत. काकवी हात आखडून लावू नकोस.

डेस: नाही लावणार. निघू मग? सावली पाण्यापर्यंत आली.

अव्हिस: तू हो पुढे. तिला उद्या ने. आज राहू दे माझ्याजवळ.