दीड इंच

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते.

“अहो, वर्षभर नको नको म्हणत होतात. आज ऑपरेशनची तारीख घ्यायला कसे तयार झालात?”

“गुडघे दुखतात.”

“ते दहा वर्षं दुखताहेत.”

“ऑपरेशननं तुझे वाकडे पाय सरळ झाले आणि तू दीड इंच वाढलीस.”

“मग?”

“परवा आपल्या दोघांचा फोटो काढताना फोटोवाला मला म्हणाला, आजोबा, स्टुलावर उभे राहता का?”

“एवढ्यावरून भीती गेली?”

“भीती आहे तिथंच आहे. पण स्टुलावर चढताना गुडघे जास्त दुखतात.”

इतक्यात सिस्टर बाहेर आल्या. “आजोबा, कुठला गुडघा?”

“दोन्ही.”

“सिस्टर, डॉक्टरांना म्हणावं, यांना एका इंचावर थांबवा. मान वर करून बोलतात तेव्हा फार गोड दिसतात.”