बाईंना थोडी मदत

...नाही नाही, तुम्हीच सांगा, चार वर्षांच्या पोरीची बुद्धी मोजायची म्हणजे काय? चार वर्षं! अजून डावा बूट उजव्या पायात घालते, आणि बापाचं ब्रॉडवे रस्त्यावर बुटांचं दुकान आहे हो! तर हिची बुद्धी मोजणार, तिचा आकडा काढणार, तो आकडा पार्कापलीकडच्या त्या महागड्या खासगी शाळेत जाणार, आणि तिथे कुणीतरी चष्मा नाकावर सरकवून ठरवणार की ह्या स्टुअर्ट लिपकिनची हेझल बालवर्गात बसून मातीचे साप वळण्याइतकी हुशार आहे की नाही. आणि वर काय, तर परीक्षा म्हणायचं नाही! हिच्या आत्ताच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं, मान अशी तिरकी केली आणि कुणीतरी गेल्यासारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर लिपकिन, मुलांना ताण येतो. तेव्हा परीक्षा नाही, खेळ म्हणायचं." बरं बाई. परीक्षा नाही, खेळ!

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून आमच्या घरातून तो शब्द हद्दपार झाला. माझ्या रक्ताची परीक्षा होती, साखरेसाठी, तर मी पोरीला काय सांगायचं? डॉक्टरांकडे रक्ताचा खेळ खेळायला जातोय! तर म्हणते कशी, "जिंक हं डॅडी." कसला जिंकतोय... साखर वाढलेली निघाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर जायचं कशाला त्या वाटेला? बरोबर. मीही तेच म्हटलं. कोपऱ्यावर सरकारी शाळा आहे, फुकट आहे, चालत दोन मिनिटं. पण रूथ... रूथ म्हणजे माझी बायको. हसू नका हं, ह्यात तिचा जीव अडकला होता. तिची आई शिवणकाम करायची, क्वीन्सच्या साध्या वस्तीत, आणि त्याच शाळेच्या पोरींचे गणवेशाचे स्कर्ट तिच्याकडे यायचे, कमी-जास्त करायला. रूथ लहानपणी त्या निळ्या स्कर्टांच्या ढिगाशेजारी बसून अभ्यास करायची. एकदा हळूच एक घालून बघितला तर आईनं ओरडून काढायला लावला, "अगं, दुसऱ्याचा आहे तो!" आता पोरीच्या अंगावर तो स्कर्ट बघायचा, एवढंच तिचं म्हणणं. एवढंच! म्हटलं, चला.

मग सुरू झाली तयारी. म्हणजे तयारी नाही हं, तयारी करायची नसते, तशी सक्त ताकीद असते. मैदानावर झोपाळ्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्या आया छातीवर हात ठेवून सांगायच्या, "आम्ही बाई काहीच केलं नाही, आमच्या ऑगस्टसला आपोआपच येतं सगळं." आणि त्यांच्या पिशवीतून त्या परीक्षेतलेच लाल-पांढरे ठोकळे डोकावतायत! तेच ठोकळे आमच्या सोफ्याखाली होते. रोज रात्री जेवण झालं की मी आणि हेझल जमिनीवर. हा आकार कर, तो आकार कर, सफरचंद आणि केळं यांच्यात सारखं काय? तिला यायचं हो, पण कंटाळा! अडली की माझ्याकडे बघायची, "तूच सांग ना डॅडी." आणि मी, मोठा शहाणा, बोट वर करून, "सगळं मीच सांगितलं तर तू शिकणार कधी? विचार कर. घाई नाही." चुकली तर? तर बालवाडीनं शिकवलेलं वाक्य होतंच, "प्रयत्न छान होता हं!" काय सांगू, ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली की झोपेतही बडबडायला लागलो. रूथ म्हणाली, काल रात्री तू उशीला म्हणालास, प्रयत्न छान होता.

उजाडला तो दिवस. आणि पोरगी दारात अडून बसली. कोट घालेना. का? तर, "मी त्या बाईंना ओळखत नाही. त्यांना खेळायला त्यांच्या मैत्रिणी नाहीत का?" रूथ घड्याळाकडे बघतेय, घाबरून माझी बाही ओढतेय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, त्या बाईंना ना, बऱ्याच गोष्टी माहीतच नाहीत. तू जरा मदत कर त्यांना." बस्स! कोट अंगात, टोपी डोक्यात, ही लिफ्टपाशी हजर. मऊ मनाची आहे पोर, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला थंडी वाजते म्हणून स्वतःचा हातमोजा देऊन आलेली आहे. रूथनं माझ्याकडे असं प्रेमानं बघितलं... लग्नानंतर पहिल्यांदा असेल. मला वाटलं, वा, स्टुअर्ट, काय डोकं चालतं तुझं!

रूथ घरी थांबली, मी हेझलला घेऊन गेलो. तिथली ती बाहेरची खोली. सगळे आईबाप खुर्चीच्या कडेवर टेकलेले, हातात मासिक, मासिक उलटं. तेवढ्यात तो ऑगस्टस मोठ्यानं म्हणाला, "आज माझी परीक्षा आहे!" त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला, "परीक्षा नाही सोन्या, घाबरायचं नाही, खेळ आहे खेळ!" हेझलनं लगेच मला विचारलं, "डॅडी, परीक्षा म्हणजे काय?" सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, काही नाही बाळा, मोठ्या माणसांचा आजार असतो. मग दार उघडलं, परीक्षक बाई आल्या, डॉक्टर पेंडलटन, केस चापूनचोपून, पुढे हात केला, आणि माझी पोर तो हात धरून आत गेली. जाताना त्या बाईंना म्हणते, "काळजी करू नका, मी आलेय ना."

आता इथे एक मेख आहे. मुलाची उत्तरं चुकायला लागली की प्रश्न थांबवतात. बरोबर येत राहिली की आणखी, आणखी अवघड... म्हणजे जो लवकर बाहेर आला तो गेला! हे सगळ्या आईबापांना पाठ असतं, पण दाखवायचं नसतं. ऑगस्टस शेजारच्या खोलीत गेला होता, तो आला बाहेर. त्याच्या आईचा चेहरा असा उतरला! मी सहानुभूतीनं मान हलवली आणि आतून, देवा माफ कर, नाचत होतो. मग आणखी एक आलं. मग आणखी एक. हेझल नाहीच! मी रूथला फोन केला, अजून आत आहे. सासूबाईंना फोन केला, अजून आत आहे. दुकानात फोन केला, काही काम नव्हतं, उगाच. मनात म्हटलं, झालं, हिला आता सरळ कॉलेजातच पाठवतायत!

शेवटी दार उघडलं. बाईंच्या केसांची एक बट सुटून कपाळावर आलेली. ती मागे सारत म्हणाल्या, "मिस्टर लिपकिन, तुमची मुलगी फार... दयाळू आहे." दयाळू? आता तुम्ही सांगा, दयाळूपणाचे गुण कुठल्या रकान्यात धरतात?

फुटपाथवर आल्यावर मी तिला विचारलं, काय झालं ग आत? माझा हात घट्ट धरून म्हणाली, "डॅडी, त्यांना काहीच येत नाही रे. छत्री कशाला असते तेसुद्धा नाही."

"मग तू सांगितलंस ना?"

"आधी सांगितलं. पण त्या विचारतच राहिल्या. मग मी म्हटलं, सगळं मीच सांगितलं तर तुम्ही शिकणार कधी?"

मी गाडीवर पिळाचे खारे पाव विकणाऱ्या प्रेट्झेलवाल्याचा आधार घेतला. "आणि मग?"

"मग मी गप्प बसले. त्यांना विचार करू दिला. म्हटलं, घाई नाही. मग ठोकळे त्यांच्याकडे दिले, म्हटलं, आता तुम्ही करा. खूप वेळ लागला त्यांना." आणि जरा थांबून, "एकदा चुकलं. मी म्हटलं, प्रयत्न छान होता."

रागावणार कुणावर? शब्द न शब्द माझा! आवाजसुद्धा माझा, बोट वर करायची पद्धतसुद्धा माझी. मी तिला प्रेट्झेल घेऊन दिलं, दुसरं काय करणार.

आकडा यायचा तसा कमीच आला. मोठ्या बाईंनी फोनवर पुन्हा तोच हळू आवाज लावला. रूथनं फोन ठेवला आणि सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, त्या स्कर्टासाठी मी दुकान विकलं असतं. जवळ गेलो तर रडत होती, आणि हसतही होती. म्हणाली, "स्टू, खरंच म्हणाली ती? बाईंना? घाई नाही?" आणि परत हसायला लागली, मग परत रडायला. रूथनं सासूबाईंना कळवलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या कापडानं अंगाला खाज सुटायची ग. पोरी माझ्याकडे तक्रार करायच्या. तुला सांगितलं नव्हतं, तू एवढी बघत बसायचीस म्हणून." तुम्ही सांगा, हे तीस वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?

तर सप्टेंबरात निघालो कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत. पहिला दिवस. तरुण बाई, नवीनच नोकरीला लागलेली, हातातला खडू दोनदा पाडला, मग फळ्यावर एक गोल काढला आणि विचारलं, "सांगा बरं मुलांनो, हा कुठला आकार?"

हेझलनं माझी बाही ओढली. "डॅडी, ह्यांनाही माहीत नाही."

"हो ग बाळा."

"ह्यांना सगळं शिकवायला किती वेळ लागेल?"

"बारा-तेरा वर्षं तरी लागतील."

पोरीनं मोठा उसासा टाकला, कोट काढून खुंटीला अडकवला, तरातरा फळ्यापाशी गेली, त्या बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "घाबरू नका बाई. परीक्षा नाही, खेळ आहे."

मी दारातून बघत होतो. पायात बूट उलटे. डावा उजव्यात, उजवा डाव्यात, सगळ्या वर्गासमोर, लिपकिनच्या दुकानातले! सांगायला तोंड उघडलं होतं हो... मग म्हटलं, जाऊ दे. सगळं मीच सांगितलं तर ती शिकणार कधी?