विभूतीखालचा नंबर

(सोलापुरात आरटीओच्या आवाराबाहेर, कडुलिंबाखाली. एका जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं आहे आणि एजंट ज्ञानबा आत डोकं घालून उभा आहे. शेजारी गाडी चालवणारी दानेश्वरी, आणि ती गाडी तिला बक्षीस देणारे तिचे वडील गुरुसिद्धप्पा, सकाळच्या एसटीनं इंडीहून आलेले.)

ज्ञानबा : ताई, गाडी हाय, इंजिन हाय, नंबर मातुर कुटं दिसंना.

दानेश्वरी : नीट बघा. चेसी नंबर तिथंच असतो, मागच्या पत्र्यावर. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय.

ज्ञानबा : पुस्तकात आसंल. हितं पत्र्यावर चुना थापल्यागत थर बसलाय. नखानं खरवडलं तर खाली कुंकू लागलं. कुंकवाखाली परत पांढरं.

गुरुसिद्धप्पा : खरवडू नको, बाबा. इभूती आहे ती.

दानेश्वरी : विभूती? इंजिनात?

गुरुसिद्धप्पा : इंजिनात कशाला, नंबरावर. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसानं दाखवलं. म्हणाला, पाटीवरचा नंबर काय, उद्या बदलतंय. गाडीचं खरं नाव इथं कोरलंय. मग पूजा कुठं करायची, पाटीला? दर अमावास्येला तेल, इभूती, कुंकू. एकदाही चुकवलं नाही.

ज्ञानबा : येवढी भक्ती देव्हाऱ्यात बगितली हुती, बॉनेटात न्हाय.

दानेश्वरी : आता काय करायचं?

ज्ञानबा : करायचं काय. फडक्याला पेट्रोल लावायचं आन् पुसून काढायचं. मग वर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर उमटतोय. त्यो छाप फार्मला चिकटवायचा, सायेब गाडी बगणार, आन् तुमची केए अठ्ठावीस सुटली एमएच तेराच्या वाटंला.

गुरुसिद्धप्पा : पेट्रोल ब्याडा, नको. पूजेवर पेट्रोल घालतात का कोणी?

दानेश्वरी : मग काय, घासलेट?

गुरुसिद्धप्पा : तू शाळेतली बाई असून असं बोलतेस. पूजा पुसत नाहीत, उतरवतात. आमच्या मठातले अय्या येतील, मंत्र म्हणतील, पाणी सोडतील. येत्या अमावास्येला सांगतो त्यांना. तू गाडी घेऊन ये इंडीला.

ज्ञानबा : काका, अमावास्येपतूर थांबाया जमायचं न्हाय. तिकडच्या हापिसानं दिल्याली एनओसी शिळी व्हाया आलीया. आज गाडी दाखवली न्हाय तर समदं पयल्यापासनं. परत इजापूर, परत अर्ज, परत तुमच्या सह्या.

गुरुसिद्धप्पा : असं? परत सगळं?

ज्ञानबा : समदं.

गुरुसिद्धप्पा : मग करू की परत. दानी, तू ये, दोघं मिळून जाऊ विजापूरला. मागच्या टायमाला जेवलो ती खानावळ लई बरी होती बघ.

ज्ञानबा : काका, मी वाईट बातमी सांगितली. तुमी खुश का हुताय?

दानेश्वरी : अप्पा, घाई मला आहे. शुक्रवार पेठेतून होटगीच्या शाळेपर्यंत रोज हीच गाडी नेते मी. चौकातला हवालदार कर्नाटकाची पाटी बघितली की हात करतो. वर्गातली मुलं विचारतात, बाई, आज पण पकडलं का? सगळी शाळा माझ्याकडं चोरीची गाडी असल्यासारखं बघते.

गुरुसिद्धप्पा : हवालदाराला सांगायचं, बापानं दिली म्हणून.

दानेश्वरी : त्याला कागद लागतो, अप्पा. आणि कागद तुमच्याकडून निघता निघत नाही. आधी आरसी बुक दुकानाच्या तिजोरीत आणि किल्ली सापडेना. मग सही करायला हात दुखत होता. मग इन्शुरन्सचा कागद हरवला, तो ज्वारीच्या पोत्यात निघाला. इन्शुरन्स ज्वारीत कसा जातो?

ज्ञानबा : उंदरानं न्हेला आसंल.

गुरुसिद्धप्पा : बघ. जाणता माणूस आहे. ज्ञानबा, तुम्ही एकदा कागद परत बघा की. एखादा कमी असेल.

ज्ञानबा : न्हाय.

गुरुसिद्धप्पा : बक्षीसपत्र?

ज्ञानबा : हाय.

गुरुसिद्धप्पा : त्याच्यावर माझा फोटो?

ज्ञानबा : हाय. हसताय बी.

गुरुसिद्धप्पा : बापानं लेकीला दिली असं लिहिलंय. ती माझीच लेक कशावरून? ते विचारतील की.

ज्ञानबा : ताईंनी जन्माचा दाखला बी लावलाय. काका, कागद कमी पडला म्हणून हितं रडणारी लई बगितली. कागद कमी पडावा म्हणून आस लावून बसल्याला माणूस पयल्यांदाच बगतोय.

दानेश्वरी : अप्पा, खरं सांगा. गाडी द्यायची नाही का तुम्हाला? नसेल तर नको. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बसनं जाईन.

गुरुसिद्धप्पा : तसं का म्हणतेस? दिली की. मनापासून दिली. ह्या डोळ्यांना समोरची म्हैस दिसत नाही, मी गाडी ठेवून काय करू?

दानेश्वरी : मग वर्षभर मला का नाचवलं?

गुरुसिद्धप्पा : ज्ञानबा, चहा सांगा की तिघांना.

ज्ञानबा : चहा आत्ताच झाला, काका. तुमी ताईला उत्तर द्या.

गुरुसिद्धप्पा : काय उत्तर द्यायचं. लग्न झाल्यावर तू यायचीस पंचमीला आणि दिवाळीला. आई गेली तुझी, मग पंचमी सुटली. तुझंही खरं आहे, शाळा आहे, घर आहे. माझी तक्रार नाही. मग मी गाडी दिली. त्याला एवढे कागद लागतात हे मला ठाऊक नव्हतं. तू आरसी बुक न्यायला आलीस आणि दुपारभर राहिलीस. भाकरी थापलीस. चटणीत तिखट कमी म्हणून भांडलीस माझ्याशी. लई बरं वाटलं मला. मग म्हटलं, सगळे कागद एकदम कशाला द्यायचे.

ज्ञानबा : हप्त्यानं दिलं.

गुरुसिद्धप्पा : हौदु, हप्त्यानंच. जन्मभर अडतीचं दुकान चालवलं मी. सगळा माल एकदम काढला की गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

दानेश्वरी : मी गिऱ्हाईक आहे का?

गुरुसिद्धप्पा : नाही गं यवा. गिऱ्हाईक असतीस तर माणूस पाठवून बोलावलं असतं. लेकीला कसं बोलवायचं? कारण काय सांगायचं?

दानेश्वरी : मी काय नुसत्या कागदासाठी येत होते, असं वाटलं तुम्हाला?

गुरुसिद्धप्पा : तू यायचीस तेव्हा हातात कागदाचीच पिशवी असायची.

दानेश्वरी : ...खरंय. कागदासाठीच यायचे. आणि चिडून यायचे. पण परतताना भीमेच्या पुलापर्यंत मला धड दिसायचं नाही, इतकं रडू यायचं. आपलं घर एवढं गप्प झालंय, ते मला बघवत नव्हतं.

गुरुसिद्धप्पा : मला सांगायचं की.

दानेश्वरी : तुम्ही सांगितलंत का मला?

ज्ञानबा : आता दोगांनी बी सांगितलं. सायेब जेवाया उठायच्या आत फडकं मारू का?

गुरुसिद्धप्पा : तू नको. मी लावली, मीच काढतो. दानी, पाण्याची बाटली दे.

दानेश्वरी : तेलाचा थर आहे, पाण्यानं निघणार नाही.

गुरुसिद्धप्पा : आधी पाणी देवाचं, मागून पेट्रोल सरकारचं. अय्यांना मी समजावतो. हं, दे आता ते फडकं.

ज्ञानबा : दाबून घासा, काका. अजून. बास बास, अक्षर दिसाया लागलं. आयला, काय चकाकतोय. येवढ्या जुन्या गाडीचा नंबर कुटं गंजला म्हणून न्हाय. सायेब म्हणतील, काल ठोकून आणलाय.

गुरुसिद्धप्पा : म्हणतील? मग त्याला आणखी एखादा कागद...

दानेश्वरी : अप्पा.

गुरुसिद्धप्पा : नाही, सहज विचारलं.

ज्ञानबा : छाप झ्याक आला. हितं सही ऱ्हायलीया तुमची. विकणाराच्या जागी.

गुरुसिद्धप्पा : मी कुठं विकतोय? मी देतोय.

ज्ञानबा : आमी समद्यांना विकणाराच म्हणतो, काका. नुसतं देणारं कोण येतंय हितं? करा सही. आसं. आता सावलीत बसा, मी गाडी सायबाला दाखवून आणतो.

दानेश्वरी : हात बघू. केवढे काळे करून घेतलेत.

गुरुसिद्धप्पा : राहू दे. निघेल.

दानेश्वरी : इकडं करा. रुमाल आहे माझ्याकडं.

गुरुसिद्धप्पा : तुझ्या आईच्या हाताला असाच जोर होता. कातडी सोलून काढशील.

दानेश्वरी : गप्प बसा.

गुरुसिद्धप्पा : बसलो.

ज्ञानबा : झालं, ताई. सायबांनी मान हलवली. नवीन आरसी पोस्टानं घरी यील. काका, तुमी सुटला. आता तुमचं कायबी काम न्हाय.

गुरुसिद्धप्पा : काहीच नाही?

ज्ञानबा : काईच न्हाय.

गुरुसिद्धप्पा : बरं. बरं झालं. दानी, मला स्टँडवर सोड. दुपारची गाडी मिळेल.

दानेश्वरी : स्टँडवर नाही. घरी चाललोय आपण.

गुरुसिद्धप्पा : तुझ्या घरी? काय काम काढलंस?

दानेश्वरी : काम काही नाही.

गुरुसिद्धप्पा : बिनकामाचं जावयाच्या दारात जाऊन बसायचं? बरं दिसतं का ते?

दानेश्वरी : दिसू दे कसं दिसायचं ते. बसा गाडीत. पट्टा लावा.

गुरुसिद्धप्पा : आणि गल्लीत कोणी विचारलं, अप्पा, कशाला आलात, तर काय सांगू?

दानेश्वरी : सांगायचं, आलोय.