मसुरीआडचा तीळ

भागीरथा : "भागीरथे, एकादशीले याचा डावा तळपाय पाहत जाजो. देवाले फूल वाहून उठशील, तशीच याच्या पायाशी बसजो." यमुताई म्हणाल्या होत्या. तुमच्याच बहीण, तुमच्यासमोर म्हणाल्या होत्या. काल एकादशी गेली, आज बारस उजाडली, अन् तुमचे मोजे काही निघून नाही राहिले.

रुपराव : थंडी वाजून राह्यली मले.

भागीरथा : भादव्यात?

रुपराव : रिटायर मानसाले बाराही महिने थंडी वाजते. पोस्टात होतो तवा सारी इतवारी पेठ पायानं फिरो, आंग गरम राहे. आता बसून बसून गारठलो.

भागीरथा : बरं.

रुपराव : बरं म्हनते, अन् तिथंच बसून राह्यली. तुहं पारनं झालं का नाही अजून?

भागीरथा : नाही.

रुपराव : काहून वं? सुभद्रेनं भात टाकला तवाचा. मी वास घेऊन राह्यलो इथून.

भागीरथा : तळपाय पाहिल्याशिवाय माही एकादशी पुरी होत नाही. यमुताईले शब्द दिला तवापासून हे असंच आहे. उपास सोडायचा तर पाय पाहून सोडायचा.

रुपराव : पंचांग पाह्यलं का? बारस साडेअकरालेच संपते आज.

भागीरथा : सुभद्रेनं वाचून सांगितलं. म्हणून तर सकाळपासून तिसऱ्यांदा इथं येऊन बसली.

रुपराव : अन् हा पितृपक्ष सुरू आहे. असल्या दिवसात तीळ पाहू नये, दवाखान्याचं नाव काढू नये. माही माय म्हने.

भागीरथा : मी दवाखान्याचं नाव कुठं काढलं?

रुपराव : नाही काढलं. पन निंगते गोष्टीतून गोष्ट.

भागीरथा : पितरांमध्ये आता यमुताई बी आहेत. त्यांच्याच तिथीले आपण परवा पान वाढलं. त्या रागावतीन असं वाटते का तुम्हाले?

रुपराव : तुह्यासंग बोलनं म्हंजे… आवाज चढवत नाहीस, अन् मानूस आपसूक खाली बसते. घे बाप्पा. काढले मोजे. पाह्य.

भागीरथा : हे काय?

रुपराव : बिब्बा.

भागीरथा : एवढा? अर्धा तळपाय काळा करून ठेवला तुम्ही.

रुपराव : काटा रुतला होता. बेलाचा. तुह्याच महादेवासाठी बेल तोडाले गेलो, अन् झाडाखाली चप्पल निंगाली पायातली. बिब्बा गरम करून लावला. आपल्या इकडे कोन नाही लावत? काटा असो, भेग असो, बिब्बा लावला का झालं.

भागीरथा : तीळ कुठं आहे यात?

रुपराव : असन आतमंधी. जाते कुठं तो. साठ वर्सं झाले, तिथंच आहे. लहानपनी जोशीबुवानं पाह्यला अन् मायले सांगतलं, या पोट्ट्याच्या नशिबी पायपीट लिहिली आहे. म्हून तं पोस्टमन झालो मी. सरकारनं नाही, तिळानं लावली नोकरी.

भागीरथा : हसवू नका. मले तीळ दिसून नाही राहिला.

रुपराव : मंग पंधरा दिवसांनी पाह्यजो. बिब्ब्याचा डाग कातड्यासंगच निंगते, तुले माहीत आहे. आता उठ, जेव.

सुभद्रा : आई, भात निवतोय. आणि देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली आहेत, तर ही पितळेची डबीही घासू का? आत नुसता डाळीचा एक दाणा पडलाय. टाकून देते.

भागीरथा : टाकू नको बाई. तो मसुरीचा दाणा मापाचा आहे. आण इकडे.

सुभद्रा : मापाचा म्हणजे?

रुपराव : तुह्या सासूचं औजार आहे ते. पोस्टात वजनकाटा राहते, तसं हिच्याजवळ मसूर राहते.

भागीरथा : तू वैशाखात लग्न होऊन आली, यमुताई मागच्या भादव्यात गेल्या. यांच्या मोठ्या बहीण. त्यांच्या टाचेवर असाच एक काळा तीळ होता. पुढं तो वाढला. लोक म्हणाले कुरूप आहे, चालून चालून होते. त्यांनी बी तसंच समजलं. त्याच्यावर बिब्बा लावला, मग शेजारच्या कोणीतरी ब्लेडनं वरचं कातडं काढून दिलं. दोन दिवस बरं वाटलं. मग तिथून रक्त यायले लागलं, ते राहीचना.

सुभद्रा : डॉक्टरला नाही दाखवलं?

भागीरथा : दाखवलं, पण वर्ष गेल्यावर. जांघेत गाठ आली अन् उभं राहता येईना, तवा खाटेवर घालून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. चौघांनी उचलून. गुडघ्याखालून पाय काढला. डॉक्टर भला माणूस होता, रागावला नाही. नुसता म्हणाला, बाई, हा तीळ लहान होता तवा आल्या असत्या, तर दोन बोटं कातडं काढून भागलं असतं, आपल्या पायानं घरी गेल्या असत्या. अन् म्हणाला, तीळ सगळ्यांनाच असतात, सगळे वाईट नसतात. पण जो वाढते, ज्याचा रंग एका जागी काळा अन् एका जागी भुरा होते, ज्याची कड फाटते, तो दाखवायचा. घरात एकाले झालं तर बाकीच्यांनी आपलं आंग पाहत राहायचं.

रुपराव : सारं पाठ आहे हिले. पोथीसारखं.

भागीरथा : यमुताईनं त्याच्यातून हे माप काढलं. त्यांना म्हटलं, मले लिहितावाचता येत नाही, मी पंधरा दिवसांचं मनात कसं धरू? तर पडल्या पडल्या म्हणाल्या, घरात मसुरीची डाळ आहे ना? एक दाणा सपाट बाजूनं तिळावर ठेवजो. तीळ मसुरीच्या आड राहिला, तर देवाले नमस्कार कर अन् जेव. मसुरीच्या बाहेर डोकावला, तर याले दवाखान्यात पाठव. अन् यांचा हात धरून यांच्याकडून कबूल करून घेतलं, की मले खाटेवर नेलं, तू आपल्या पायानं जाजो.

सुभद्रा : मामाजी काय म्हणाले?

भागीरथा : हो म्हणाले. रडत रडत म्हणाले.

रुपराव : रडलो नाही. सर्दी होती.

सुभद्रा : मग दर एकादशीला त्याच दाण्यानं बघता? दुसरा नाही घेत?

भागीरथा : तोच. एक लहान, एक मोठा असं होते, म्हणून एकच ठेवला. तेवीस एकादश्या झाल्या. तीळ कधी बाहेर आला नाही. मी निवांत राहिली.

सुभद्रा : पण आई, मसुरीची डाळ केशरी असते ना?

भागीरथा : हो.

सुभद्रा : हा दाणा एका बाजूनं काळा झालाय. आणि डबीच्या झाकणाला पण काळं बोट उमटलंय. चिंचेनं निघालं नाही, म्हणून तर विचारायला आले.

[ ओसरीवर रुपराव एक मोजा उलटा करून पुन्हा सुलटा करतात. ]

भागीरथा : सुभद्रा, भातावर झाकण ठेव बाई. मी येते.

सुभद्रा : बरं आई.

भागीरथा : हा बिब्बा आहे.

रुपराव : असन.

भागीरथा : देवाच्या डबीले मी बिब्ब्याचा हात लावत नाही. सुभद्रा आजच डबी घ्यायले गेली. आपला पोरगा वामन तर देवघरात वाकूनसुद्धा पाहत नाही.

रुपराव : तू पोस्टात पाह्यजे होती. हरवलेली पत्रं सापडली असती.

भागीरथा : कधी मोजलं तुम्ही?

रुपराव : काल पहाटे. तू आंघोळीले गेलती तवा. अन् त्याच्या अगोदर मागच्या आठवड्यात एकदा.

भागीरथा : अन्?

रुपराव : मागच्या आठवड्यात आंघोळीच्या टाइमाले पाय घासून राह्यलो होतो. हाताले काही वेगळंच लागलं. म्हून डबी काढली. दाना ठेवला. एका अंगानं बाहेर आला होता. जास्ती नाही. नखाची कोर राहते ना, तेवढा.

भागीरथा : रंग?

रुपराव : तेवढा भाग भुरकट. बाकी काळा. रक्त नाही, दुखत नाही. खोटं नाही बोलून राह्यलो. मंग मी बिब्बा लावला. वाटलं जळून जाईन. काल पुन्हा लावला अन् पुन्हा मोजाले गेलो, तं हाताचा बिब्बा दान्याले लागला. डागात काही दिसेच ना.

भागीरथा : यमुताईनं जे केलं, तेच तुम्ही केलं.

रुपराव : लावता लावता मले आठवलं ते. पन हात थांबला नाही.

भागीरथा : काट्याचं खोटं काहून सांगितलं?

रुपराव : तुही लाखोली.

भागीरथा : माही लाखोली?

रुपराव : आषाढीपासून तू महादेवाले लाख बेल वाहून राह्यली. कार्तिकीपर्यंत. रोजचा साडेआठशे बेल कोन आनते? मी आनतो. प्रताप नगरच्या पुढं ते तीन झाडं आहेत ना, त्याच्या अल्याड कुठं तीन पानी अखंड बेल भेटत नाही. काल संध्याकाळी तूच सांगत होती सुभद्रेले, पस्तीस हजार राह्यला म्हून. मी दवाखान्यात गेलो, त्यानं पाय कापला का नुसतं कातडं कापलं, महिनाभर मी खाटेवर. मंग तुहा नेम तुटते. आयुष्यात पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही मांगून राह्यली देवाले. मी म्हनलं, कार्तिकीपर्यंत काढून देऊ. मंग जाऊ.

भागीरथा : मी स्वतःसाठी काय मागितलं, माहीत आहे का तुम्हाले?

रुपराव : तू सांगतलं कुठं? संकल्प सांगत नाही म्हनते.

भागीरथा : सांगत नाही. पण तुमच्या पायाशी बसून मी दर एकादशीले काय पाहते, ते तर माहीत आहे ना. मग लाखोली कशाची असन, ते बी समजाले पाहिजे होतं. चाळीस वर्षं झाली लग्नाले.

रुपराव : …म्हंजे माह्याच पायासाठी मी बेल तोडून राह्यलो होतो?

भागीरथा : त्याच पायानं चालून.

रुपराव : वा वं. मले मजुरी बी नाही सांगतली.

भागीरथा : पस्तीस हजारांचं तुम्ही मनातून काढून टाका. मी आज महादेवाले सांगून ठेवते, उरलेला बेल पुढच्या श्रावणात वाहीन म्हणून. तवा तुम्हीच आणून देजा.

रुपराव : चालते तुह्या महादेवाले असं?

भागीरथा : त्याच्यासंग माहं मी पाहून घेईन.

रुपराव : भीती वाटते भागीरथे. तुले म्हनून सांगतो. यमुताईचा तो पाय… पांघरुनाखाली एकच पाय दिसे. मी तीस वर्सं लोकांचे सुखदुःखाचे कागद नेऊन देल्ले, कोनाच्याच दारात माहे पाय थांबले नाही. अन् मेडिकलचं फाटक पाह्यलं का थांबतात.

भागीरथा : त्या वर्षानं दवाखान्यात गेल्या, तुम्ही आठवड्यानं जाल. तीळ एकाच अंगानं बाहेर आला आहे. अन् कदाचित काहीच नसन. डॉक्टर पाहीन, नाही म्हणन, अन् तुम्ही घरी येऊन मले वर्षभर ऐकवाल, मसूर पाहून घाबरली म्हणून.

रुपराव : ते तं ऐकवीनच.

भागीरथा : ऐकवा. मी ऐकीन.

रुपराव : किती वाजले?

भागीरथा : दहा वाजून गेले.

रुपराव : बाहेरच्या पेशंटचे कागद बारापर्यंत काढतात. तो दाना दे मले. डबीसंगच दे. डॉक्टरले दाखवीन. म्हनन, मानूस येडा आहे, पन माप बरोबर आहे.

भागीरथा : बिब्बा लावला तेही सांगा.

रुपराव : सांगतो. शिव्या खातो. तू आता उठ, जेव. साडेअकराले बारस संपते. वामनले काही सांगू नको, तो उगाच ड्युटी सोडून पयत येईन.

भागीरथा : संध्याकाळी सांगीन. तुम्ही थांबा, मी दोन घास खाते अन् येते तुमच्यासंग.

रुपराव : खा. मी रिक्षा पाहतो तवरिक. सुभद्रे, सासूले वाढ वं पोरी. अन् भातावर तूप टाकजो, कालपासून उपाशी आहे.

सुभद्रा : वाढलंच आहे, मामाजी. आई, या. तुळशीचं पानही ठेवलंय.

भागीरथा : आली. पाणी दे अगोदर.

सुभद्रा : आई, मामाजींनी रिक्षाला हाक नाही मारली. दारासमोरून रिकामी गेली, तिला हातानंच नको म्हणाले. पायीच निघालेत. डबी खिशात टाकली, धोतर सावरलं, आणि निघाले. हाक मारू का?

भागीरथा : नको मारू. कुठवर गेले?

सुभद्रा : चिंचेच्या झाडापाशी पोचले. मागे वळून बघत नाहीत. पोस्टातल्यासारखे चाललेत, भराभरा.

भागीरथा : जाऊ दे त्यांना. तसंच जायचं कबूल केलं होतं यमुताईले. मले वाढ, बाई. दोन घास खाते, अन् मागून जाते.