मामंजींची खुर्ची

तुमी हसाल, पर आमच्या उत्रोलीच्या घरात मॅचचा एक कायदा हाय. खेळ चांगला चालला की जो जिथं आसंल, तिथनं हलायचं न्हाई. हलला की विकेट पडती म्हणं.

फायनलला गरम कांदाभजी घेऊन मी बाहेर आले आन् नेमकी आपली विकेट पडली. सासरे खुर्चीतनं ओरडले, "काय हा पायगुण! सूनबाई, आत जा. मॅच संपस्तोवर बाहेर यायचं न्हाई."

भजी माझी, तेल माझं, घाम माझा आन् पायगुण बी माझाच! ताट आपटलं आन् गेले आत.

थोड्या वेळानं मामंजी सोताच चटणी मागाय स्वयंपाकघरात आले. त्यांचा पाय आत पडला आन् बाहेर सिक्सर! समदी नाचाय लागली. मामंजी टीव्हीकडं पळाय वळले, तसा म्या झारा त्यांच्या हातात दिला.

"हलायचं न्हाई मामंजी. तुमी हितं आलात म्हणून सिक्सर बसला."

"अगं, पर मॅच..."

बाहेरनं त्यांचाच ल्योक ओरडला, "आप्पा, हलू नका! तिथंच थांबा!"

मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. मामंजींनी शेवटपर्यंत भजी तळली. निम्मी करपली, पर आपण जिंकलो.

पुढच्या मॅचला मामंजी म्हणाले, "ह्ये समदं थोतांड हाय. ऊठ, माझी खुर्ची दे."

म्या म्हणलं, "थोतांड आसंल, तर माझ्या पायगुणाचं आधी मागं घ्या. तवर झारा तिकडं हाय."