पहाटेचा लसूण

मानसी : नारायणगुड्याच्या दवाखान्यापासून घरापर्यंत रिक्षात मी गप्प बसले, बाबा. आता बोलते. हिरड्यांतून रक्त येतंय, दंड काळानिळा झालाय, आणि तुम्ही डॉक्टरांपुढे लसणाचं नावही काढलं नाहीत.

एकनाथराव : लसूण म्हणजे काय दारू आहे, सांगायला? तुझ्या सासूनंच सवय लावली त्याची. दिलाला चांगला म्हणून.

मानसी : फोडणीतला खा ना. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना रोज उपाशीपोटी मूठभर कच्चा? मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बघितलात? डोक्यात रक्तस्राव झाला तर थांबायचा नाही, म्हणाले.

एकनाथराव : पहिले दोन-चार पाकळ्याच होत्या. ती गेल्यापासून वाढल्या.

मानसी : कशाला वाढवल्यात?

एकनाथराव : मी कुठं वाढवल्या? ती ठेचायली, मी खायलो.

मानसी : बाबा, आईंचं वर्षश्राद्ध झालं.

एकनाथराव : हौ. मीच केलं की. पण पहाटे खलबत्ता वाजतो. उठून गेलो, की ओट्यावर वाटी तयार असते.

मानसी : खलबत्ता तर मी माळ्यावर टाकलाय.

एकनाथराव : तरी वाजतो.

मानसी : हात बघू तुमचा. नखांत सालं आहेत, बाबा.

एकनाथराव : असतील. सोलणारा मीच असेन, तेवढी अक्कल आहे मला. पण झोपेतून उठवतं कोण? "अहो, उठा, चहाच्या आधी घ्या," हे कोण म्हणतं?

मानसी : नाही माहीत. एकदा मलाही बांगड्या ऐकू आल्या होत्या. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

एकनाथराव : मग सांग. मी खायचं सोडलं तर ती यायची कशाला?

मानसी : आणि नाही सोडलंत तर तुम्ही जाल.

एकनाथराव : तिकडं ती असेलच की.

मानसी : असं नका बोलू. मला फार भीती वाटते. तुमची नात सहा वर्षांची आहे. आजी कुठे गेली हे ईशा अजून विचारते. आजोबांचंही मीच सांगायचं का तिला?

(एकनाथराव नखांतली सालं काढू लागतात.)

एकनाथराव : ठीक आहे. बंद. पण तिला नक्को म्हणायचं माझ्याच्यानं होणार नाही. उभ्या जन्मात कधी म्हटलं नाही. उद्या पहाटे तू ऊठ.

मानसी : उठून काय करू?

एकनाथराव : ओट्यापाशी उभी राहा. म्हण, आई, बाबांचं आता मी बघते. तुम्ही झोपा.