सुतळीच्या घराचं दार

चौऱ्याहत्तर साली आसेगावजवळच्या जुन्या टेकाडावर आम्ही विद्यार्थी उत्खननाची तयारी करत होतो. घाणेरीची झुडपं तोडून, खुंट्या ठोकून सुतळीचे चौकोन आखले. सरांची ताकीद होती, सुतळी तसूभर हलता कामा नये.

संध्याकाळी गवताचा भारा घेऊन एक म्हातारी थांबली. "कोनाचं घर बांधून राह्यले, बाप्पा?"

म्हटलं, "आजी, हजारो वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्यांची घरं शोधतोय."

"मंग दार कुठी हाये? थे परत आले त आत कसे येतीन?"

ती गेली. मग मीच पूर्वेची सुतळी सोडली.

सर आले नि कडाडले, "हे काय?"

"सर, दार आहे."

सर बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि चौकट ठेंगणी असावी तसे वाकून आत गेले.